हृदयशस्त्रक्रिया आणि थायरॉइड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायपास, व्हॉल्व्ह बदलणं, हृदयातलं जन्मजात छिद्र बंद करणं अशा शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जवळपास प्रत्येक उत्तरात एक आग्रह दिसेल: थायरॉइडचा आकडा वाचण्याआधी रक्त कोणत्या दिवशी काढलं आणि तेव्हा कोणती औषधं चालू होती, ते पाहा. ही माहिती समजून घेण्यासाठी आहे. गोळी सुरू करणं, बंद करणं किंवा तिचा डोस बदलणं तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

१. ऑपरेशन हृदयाचं झालं, गळ्याला हातही लागला नाही. मग थायरॉइडचा रिपोर्ट का बिघडला?

बहुतेकांच्या बाबतीत ग्रंथीला काहीही झालेलं नसतं. बदल होतो तो ग्रंथीच्या बाहेर.

थायरॉइड ग्रंथी मुख्यतः टी४ बनवते. पेशींमध्ये प्रत्यक्ष काम करणारं हार्मोन मात्र टी३. शरीरातलं सुमारे ८० टक्के टी३ ग्रंथीत तयार होत नाही. यकृत, मूत्रपिंड, स्नायू अशा ठिकाणी टी४मधला आयोडीनचा एक अणू काढून ते बनतं. हे काम डीआयोडिनेज नावाची एन्झाइम्स करतात. मोठी शस्त्रक्रिया, गंभीर संसर्ग, मोठं भाजणं किंवा दीर्घ उपासमार झाली की शरीर हे रूपांतर मंदावतं. टी४चा काही भाग मग रिव्हर्स टी३ या जवळजवळ निष्क्रिय रूपाकडे वळतो. रक्तातलं टी३ खाली येतं, रिव्हर्स टी३ वर जातं.

या अवस्थेला डॉक्टर 'सिक युथायरॉइड' म्हणतात. हल्ली 'नॉन-थायरॉइडल इलनेस' हे नाव जास्त वापरलं जातं. डिस्चार्ज कार्डावर यांपैकी काही लिहिलेलं असेल, तर तुम्हाला थायरॉइडचा नवा आजार जडला असा त्याचा अर्थ नाही.

२. टी३ किती खाली जातं आणि पूर्ववत व्हायला किती दिवस लागतात?

घसरण शस्त्रक्रियेदरम्यानच सुरू होते. पहिल्या एक-दोन दिवसांत टी३ सर्वांत खाली असतं. आधीच्या पातळीच्या निम्म्यावर येणंही असामान्य नाही. सगळं सुरळीत चाललं तर साधारण आठवड्याभरात ते वर यायला लागतं. संसर्ग झाला, मूत्रपिंडं थकली किंवा व्हेंटिलेटर लांबला, तर सुधारणेला काही आठवडे लागतात.

टी४ इतकं लवकर हलत नाही, कारण रक्तातल्या टी४चं अर्धआयुष्य सुमारे सात दिवसांचं आहे आणि टी३चं जेमतेम एका दिवसाचं. म्हणून पहिल्या दिवसांत टी३ कमी आणि टी४ ठीक असं चित्र नेहमीचं. आजार गंभीर आणि लांबलेला असेल तर टी४ही घसरतं. ते लक्षण मात्र डॉक्टर गांभीर्याने घेतात, कारण त्यातून आजाराची खोली कळते.

३. हे सगळं हार्ट-लंग मशीनमुळे होतं का? माझी बायपास मशीनशिवाय झाली होती.

मशीनचा वाटा आहे, पण तेवढंच कारण नाही. मशीनच्या नळ्या आधी द्रवाने भरून घ्याव्या लागतात. प्रौढ माणसासाठी हा द्रव साधारण एक-दीड लिटर असतो. तो रक्तात मिसळला की हार्मोनं आणि त्यांना वाहून नेणारी प्रथिनं, दोन्ही पातळ होतात. त्यात शरीर थंड केलं जातं, रक्त नळ्यांच्या परक्या पृष्ठभागावरून फिरतं, दाह वाढवणारी इंटरल्यूकिन-६सारखी रसायनं सुटतात आणि ताणाचं हार्मोन कॉर्टिसॉल चढतं. शेवटच्या दोन गोष्टी डीआयोडिनेजचं काम आणखी मंदावतात.

पण धडधडत्या हृदयावर, मशीनशिवाय केलेल्या बायपासमध्येही टी३ खाली येतंच. भूल, छाती उघडणं, जखम, उपास आणि ताण दोन्हीकडे सारखेच असतात. त्यामुळे 'माझं मशीनशिवाय झालं, तरी रिपोर्ट असा का' या काळजीला आधार नाही.

४. टी३ कमी असलं तर हृदयाला धोका नाही का?

हा प्रश्न रास्त आहे. संशोधकही त्यात कित्येक वर्षं गुंतलेले आहेत.

हृदयाच्या स्नायूपेशी स्वतः टी४पासून फारसं टी३ बनवू शकत नाहीत. रक्तातून येणाऱ्या टी३वरच त्यांची मदार असते. हे टी३ पेशीत जाऊन काही जनुकांचं काम वाढवतं. त्यातलं महत्त्वाचं जनुक म्हणजे कॅल्शियम परत साठ्यात खेचणाऱ्या पंपाचं. प्रत्येक ठोक्यानंतर हृदय किती लवकर सैल पडतं, हे त्या पंपावर अवलंबून असतं. शिवाय टी३ रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल करतं आणि हृदयाला ज्या विरोधाविरुद्ध रक्त ढकलायचं, तो कमी होतो. म्हणजे टी३ घटलं की हृदय थोडं ताठर आणि वाहिन्या थोड्या आवळलेल्या, असं व्हायला हवं. ज्यांचं टी३ फार खाली जातं, त्यांचा आयसीयूमधला मुक्काम लांबतो आणि गुंतागुंतही जास्त होते, हेही दिसून आलेलं आहे.

पण दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणजे एक दुसरीचं कारण ठरत नाही. जो रुग्ण जास्त आजारी, त्याचं टी३ जास्त खाली. त्यामुळे कमी टी३ हा त्रासाचा कर्ता आहे की फक्त साक्षीदार, हे एका आकड्यावरून सांगता येत नाही. संकटाच्या काळात ऊर्जेचा खर्च कमी ठेवण्यासाठी शरीरच टी३ उतरवतं, असाही एक विचार आहे. पहिल्या काही दिवसांपुरता मला तो पटतो. कित्येक आठवडे अत्यवस्थ असलेल्या रुग्णाबद्दल तेच म्हणता येईल असं मला वाटत नाही.

५. मग बाहेरून टी३ देऊन पातळी भरून का काढत नाहीत?

तसं करून पाहिलं गेलं आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, हृदयाची ताकद आधीच कमी असलेल्या बायपासच्या रुग्णांना शिरेतून टी३ दिलं. हृदयातून बाहेर पडणारं रक्त वाढलं, वाहिन्यांतला विरोध कमी झाला. मात्र रुग्णांच्या अंतिम परिणामात म्हणावा असा फरक पडला नाही. हृदयाला जोर देणाऱ्या औषधांची गरजही घटली नाही. १९९६ साली आलेल्या दुसऱ्या चाचणीचा निष्कर्षही साधारण असाच होता.

म्हणून प्रौढांमध्ये सरसकट टी३ देत नाहीत. हृदय कशालाच दाद देत नसेल, तर एखाद्या ठिकाणी डॉक्टर विचारपूर्वक ते वापरतात. पण तो त्या रुग्णापुरता निर्णय असतो. जास्त टी३ने ठोके वाढतात आणि हृदयाची ऑक्सिजनची गरजही वाढते. ताजे टाके असलेल्या हृदयासाठी ही किरकोळ बाब नाही. लहान बाळांचं गणित थोडं निराळं आहे, त्यासाठी प्रश्न १७ पाहा.

६. आयसीयूमध्ये टीएसएच ०.२ आलं, तीन आठवड्यांनी ९ आलं. एक डॉक्टर थायरॉइड जास्त म्हणाले, दुसरे कमी. खरं काय?

बहुधा दोन्ही नाही. टीएसएच हे पिट्युटरी ग्रंथीचं हार्मोन, ते थायरॉइडला कामाला लावतं. टी३-टी४ जास्त झालं की ते उतरतं, कमी झालं की चढतं. हा रिपोर्ट ओळीओळीने वाचून बघू.

समजा शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशीचा कागद असा आहे: टीएसएच ०.२, टी३ खालच्या मर्यादेच्याही खाली, टी४ मर्यादेत. टीएसएच कमी दिसलं की 'हायपर', म्हणजे थायरॉइड जास्त चालणं, हा शब्द मनात येतो. पण थायरॉइड खरोखर जास्त चालत असता तर टी३ वर गेलं असतं. इथे ते खाली आहे, दोन्ही एकत्र जुळत नाहीत. आता त्या दिवशीचा औषधांचा तक्ता पाहा. रक्तदाब टिकवण्यासाठीचं डोपामिन चालू होतं का? ते मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीलाच टीएसएच सोडण्यापासून रोखतं. हायड्रोकॉर्टिझोनसारखं स्टेरॉइड दिलं होतं का? तेही टीएसएच दाबतं, शिवाय टी४चं टी३ होणं कमी करतं. ताण आणि उपास यांचा भार वेगळाच.

आता तिसऱ्या आठवड्यातला कागद: टीएसएच ९, टी३ आणि टी४ मर्यादेच्या आत किंवा खालच्या काठावर. दाबलेली पिट्युटरी मोकळी झाली आणि रिकामा झालेला साठा भरायला ग्रंथीला जोराने हाका मारते आहे. बरं होण्याच्या काळात टीएसएच असं वर जातं. कधी कधी २०पर्यंतही पोहोचतं. पुढचा रिपोर्ट आठव्या आठवड्यात काढला, तर तो बहुतेकदा आपोआप मर्यादेत आलेला दिसतो.

या रिपोर्टवरून नवी गोळी सुरू झाली की ती कित्येकदा वर्षानुवर्षं चालू राहते आणि ती का सुरू झाली हे कुणालाच आठवत नाही. मला याची मनापासून काळजी वाटते. टीएसएच २०च्या वर असेल आणि टी४ही कमी असेल, तर खऱ्या हायपोथायरॉइडिझमची, म्हणजे थायरॉइड मंदावल्याची, शक्यता मोठी. टीएसएच मोजताच येणार नाही इतकं खाली, ०.०१च्याही खाली असेल आणि सोबत टी४ वाढलेलं असेल, तर खऱ्या हायपरचा विचार करावा लागतो. या दोन टोकांच्या मधल्या आकड्यांसाठी थांबून पुन्हा तपासणं हेच शहाणपणाचं.

७. टी३ कमी, पण फ्री टी४ वाढलेलं आलं. लॅबची चूक आहे का?

लॅबची चूक असेलच असं नाही. हृदयाच्या रुग्णांमध्ये फ्री टी४, म्हणजे प्रथिनांना न चिकटलेलं मोकळं टी४, वाढलेलं दिसण्याची तीन नेहमीची कारणं आहेत.

पहिलं हेपारिन, म्हणजे रक्त गोठू नये म्हणून दिलं जाणारं इंजेक्शन. ते चरबी फोडणाऱ्या एका एन्झाइमला जागं करतं. रक्त नळीत काढून ठेवल्यावरही ते एन्झाइम काम करत राहतं, नळीतच फॅटी आम्लं तयार होतात आणि ती टी४ला प्रथिनांवरून ढकलून मोकळं करतात. लॅबच्या मशीनला नळीतलं हे मोकळं टी४ दिसतं. रुग्णाच्या शरीरात ते वाढलेलं नसतं. नमुना जितका वेळ पडून राहील तितका हा फुगवटा मोठा. अशा वेळी एकूण टी४ मोजून घेतल्यास घोळ सुटतो.

दुसरं कारण अमिओडॅरोन, म्हणजे अनियमित ठोक्यांसाठीचं औषध (प्रश्न १३). तिसरं बायोटिन. केस-नखांसाठी म्हणून मिळणाऱ्या अनेक गोळ्यांत ते मोठ्या प्रमाणात असतं. कित्येक लॅबच्या तपासणी पद्धतीत बायोटिनमुळे टी४ आणि टी३ खोटं जास्त, तर टीएसएच खोटं कमी दिसतं. हुबेहूब हायपरचा रिपोर्ट तयार होतो. तपासणीआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा आणि डॉक्टरांना तसं सांगा.

८. मग थायरॉइडची तपासणी नेमकी कधी करावी?

नियोजित शस्त्रक्रिया असेल आणि थायरॉइडचा आजार माहीत असेल, गळ्याला गाठ असेल, ठोके अनियमित असतील किंवा अमिओडॅरोन चालू असेल, तर शस्त्रक्रियेच्या आधी. हा आधीचा रिपोर्ट जपून ठेवा. नंतरचा कुठलाही आकडा त्याच्याशी ताडून बघता येतो.

शस्त्रक्रियेनंतर आयसीयूमध्ये केवळ सवयीने तपासणी करू नये. ठोस संशय असेल तरच करावी: रुग्ण शुद्धीवर येत नाही, व्हेंटिलेटर सुटत नाही, शरीराचं तापमान आणि सोडियम विनाकारण खाली राहतं. एरवी प्रकृती स्थिरावल्यावर किमान सहा आठवड्यांनी. तेव्हा लॅबच्या अर्जावर शस्त्रक्रियेची तारीख आणि चालू औषधं लिहायला सांगा. इतक्या साध्या नोंदीने प्रश्न ६मधला निम्मा गोंधळ टळतो.

९. ऑपरेशनला महिना झाला. थकवा, थंडी वाजणं, बद्धकोष्ठ, मन उदास. हा थायरॉइडच ना?

असू शकतो, पण पहिल्या महिन्यात याची दुसरी कारणं जास्त संभवतात. शस्त्रक्रियेत रक्त गेल्याने हिमोग्लोबिन उतरलेलं असतं, त्याने थकवा आणि थंडी. वेदनाशामक आणि लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ. बीटा-ब्लॉकरने ठोके मंदावतात आणि अंगात जोर नसल्यासारखं वाटतं. छातीचं हाड जुळायलाच साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर उदासीही पुष्कळांना येते, तीही डॉक्टरांना सांगण्याची गोष्ट आहे, लपवण्याची नाही.

हीच लक्षणं तिसऱ्या महिन्यातही तशीच असतील किंवा वाढत असतील, आवाज जाड झाला असेल, चेहरा सुजल्यासारखा, कातडी कोरडी, कोलेस्टेरॉल औषध घेऊनही वर, तर टीएसएच आणि फ्री टी४ करून घ्या. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळीने स्नायू फार दुखत असतील, तर तेही तपासणीचं एक कारण. हायपोथायरॉइडिझम लपलेला असेल तर स्टॅटिनचा स्नायूंना होणारा त्रास वाढतो.

१०. मी आधीपासून थायरॉइडची गोळी घेते. ऑपरेशनच्या दिवशी घ्यायची का? नंतर तोंडाने काही देत नसतील तर?

लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे टी४ची गोळी, सहसा शस्त्रक्रियेच्या सकाळीही पाण्याच्या एका घोटाबरोबर घ्यायला सांगतात. तुमच्या भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच विचारा आणि ते सांगतील तसं करा.

नंतर दोन-चार दिवस गोळी चुकली तरी घाबरू नका. टी४चं अर्धआयुष्य सात दिवसांचं असल्याने साठा एकदम संपत नाही. पाच-सात दिवसांनंतरही तोंडाने किंवा नाकातल्या नळीने देणं शक्य नसेल, तर शिरेतून देण्याचा विचार होतो. तेव्हा डोस गोळीपेक्षा कमी ठेवतात, कारण शिरेतलं औषध पूर्णच्या पूर्ण रक्तात पोहोचतं.

खरी अडचण घरी आल्यावर सुरू होते. शस्त्रक्रियेनंतर लोह, कॅल्शियम, आम्लपित्तासाठी पँटोप्रॅझोल किंवा सुक्राल्फेट अशी नवी औषधं आलेली असतात आणि गोळ्यांच्या डबीत सगळं सकाळच्या खणात एकत्र पडतं. लोह, कॅल्शियम आणि सुक्राल्फेट लेव्होथायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात. त्यांच्यात किमान चार तासांचं अंतर हवं. पँटोप्रॅझोल पोटातलं आम्ल कमी करतं, त्यामुळे गोळी नीट विरघळत नाही. ते बराच काळ चालणार असेल तर काही आठवड्यांनी टीएसएच बघून डोस जुळवावा लागू शकतो. थायरॉइडची गोळी सकाळी उठल्याबरोबर, रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. डबीत तिच्यासाठी वेगळा खण ठेवा.

११. बायपासच्या आधीच्या तपासणीत हायपोथायरॉइड निघाला. ऑपरेशन पुढे ढकलायचं का?

आजार सौम्य असेल, म्हणजे टीएसएच थोडं वाढलेलं आणि टी४ ठीक, तर सहसा ढकलत नाहीत. मध्यम प्रमाणात असेल आणि बायपास तातडीची असेल, तरीही बहुतेकदा शस्त्रक्रिया आधी होते.

यामागे एक पेच आहे. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद असताना थायरॉइडची गोळी पूर्ण डोसने सुरू केली, तर ठोके आणि ऑक्सिजनची गरज वाढते, छातीत दुखणं बळावतं, झटकाही येऊ शकतो. म्हणून अशा रुग्णांना १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करून दर चार-सहा आठवड्यांनी डोस थोडा थोडा वाढवतात. इतके आठवडे वाहिन्या थांबणार नसतील, तर आधी रक्तपुरवठा मोकळा करणं श्रेयस्कर.

उपचार न झालेल्या हायपोच्या रुग्णावर शस्त्रक्रिया करताना शस्त्रक्रियेच्या टीमला काही गोष्टींवर नजर ठेवावी लागते. झोपेची आणि वेदनेची औषधं जास्त वेळ टिकतात, सोडियम उतरतं, आतडी मंदावतात. आणि एक फसवी गोष्ट: संसर्ग झाला तरी ताप चढतोच असं नाही. त्यामुळे घरच्यांनी 'ताप नाही म्हणजे ठीक आहे' असं धरून चालू नये. जखमेतून स्राव, वाढती सुस्ती, श्वासाचा बदल यांकडे लक्ष द्या.

आजार टोकाचा असेल, सुस्ती, अंगभर सूज, तापमान खाली, तर मात्र शक्य तिथे शस्त्रक्रिया थांबवून आधी उपचार करतात.

१२. आणि हायपरथायरॉइड असेल तर?

इथे सावधगिरी जास्त लागते. नियोजित शस्त्रक्रिया असेल तर थायरॉइड आटोक्यात येईपर्यंत थांबणं योग्य. अनियंत्रित हायपर असताना मोठी शस्त्रक्रिया झाली, तर 'थायरॉइड स्टॉर्म' उद्भवू शकतं: खूप ताप, अतिशय वेगाने ठोके, भ्रम, उलट्या. यात जीवाला धोका असतो. थायरॉइडचं काम कमी करणारी कार्बिमॅझोलसारखी औषधं आणि बीटा-ब्लॉकर देऊन काही आठवड्यांत पातळी खाली आणता येते. थांबणं अशक्य असेल तर हृदयाची आणि हार्मोनांची टीम मिळून झटपट काम करणारी औषधं वापरतात. चालू असलेली कार्बिमॅझोल 'ऑपरेशन आहे म्हणून' स्वतःहून बंद करू नका.

१३. ठोके अनियमित झाले म्हणून अमिओडॅरोन सुरू केलं. त्याने थायरॉइड बिघडतो असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे. माझ्या मते हृदयाच्या रुग्णाने थायरॉइडबाबत सर्वांत जास्त लक्ष द्यावं ते याच औषधाकडे.

अमिओडॅरोनच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं. त्यातलं ६ ते ७ मिलिग्रॅम रोज रक्तात मोकळं होतं. प्रौढ माणसाची रोजची गरज आहे १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.१५ मिलिग्रॅम. शिवाय हे औषध डीआयोडिनेजलाही अडवतं. त्यामुळे ते घेणाऱ्या निरोगी माणसातही टी४ जरा वर, टी३ जरा खाली आणि पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच थोडं वाढलेलं दिसतं. हे अपेक्षित आहे, आजार नाही.

दीर्घकाळ घेणाऱ्या शंभरांतल्या साधारण १५ ते २० जणांना मात्र खरा बिघाड होतो. काहींचा थायरॉइड मंदावतो. तेव्हा अमिओडॅरोन चालू ठेवून लेव्होथायरॉक्सिन देता येतं. काहींचा वाढतो, आणि त्याचे दोन प्रकार आहेत. एकात जादा आयोडीनमुळे ग्रंथी जास्त हार्मोन बनवते, दुसऱ्यात ग्रंथीला सूज येऊन साठलेलं हार्मोन गळतं. पहिल्याला थायरॉइडविरोधी औषध, दुसऱ्याला स्टेरॉइड. दोन्ही मिसळलेलेही असतात, म्हणून हे हार्मोनतज्ज्ञांकडेच न्यावं.

गोळी सुरू होण्याआधी टीएसएच तपासून घ्या, नंतर साधारण तीन महिन्यांनी आणि पुढे दर सहा महिन्यांनी. औषध चरबीत साठतं आणि त्याचं अर्धआयुष्य कित्येक आठवड्यांचं आहे. बंद केल्यावर महिन्यांनीही बिघाड उद्भवू शकतो. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसच घेतलं असेल तर धोका बराच कमी. आटोक्यात आलेले ठोके पुन्हा अनियमित झाले, वजन विनाकारण घटलं, वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) अचानक वाढला, तर तपासणीची वाट पाहत बसू नका.

१४. शस्त्रक्रियेनंतर एट्रियल फिब्रिलेशन झालं. कारण थायरॉइड असेल का?

हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर हे, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित होणं, खूपदा होतं, व्हॉल्व्हच्या शस्त्रक्रियेत तर आणखी जास्त. दाह, ताण, पोटॅशियम-मॅग्नेशियमची घट ही त्याची नेहमीची कारणं. थायरॉइड जास्त चालणं हे एट्रियल फिब्रिलेशनचं जुनं, ठाऊक असलेलं कारण आहेच. आणि शस्त्रक्रियेआधी टी३ कमी असलेल्यांमध्येही ते जास्त आढळल्याचं दिसतं. थायरॉइडच्या गोळीचा डोस आधीपासून जास्त होत असेल तर तोही हातभार लावतो. अमिओडॅरोन देण्यापूर्वी रक्ताचा नमुना काढून ठेवणं फार मोलाचं ठरतं, कारण नंतरचा प्रत्येक आकडा त्या औषधाच्या छायेत वाचावा लागतो.

१५. अँजिओग्राफीच्या डायमध्ये आयोडीन असतं म्हणे. त्याचा परिणाम?

डायच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० ग्रॅमहून जास्त आयोडीन असू शकतं. बरंचसं रेणूला घट्ट बांधलेलं असतं आणि लघवीतून निघून जातं. मोकळा राहणारा थोडा अंशही गरजेच्या कितीतरी पट असतो. निरोगी ग्रंथी तो निभावून नेते. गळ्याला जुन्या गाठी, ग्रेव्हज आजार (थायरॉइड जास्त चालवणारा) किंवा ऑटोइम्यून थायरॉइडायटिस (शरीराच्याच प्रतिकारशक्तीमुळे ग्रंथीला आलेली सूज) असेल तर पुढच्या दोन ते बारा आठवड्यांत थायरॉइड वाढू किंवा मंदावू शकतो. असा इतिहास असेल तर अँजिओग्राफीआधी सांगा. जीव वाचवणारी तपासणी या भीतीने टाळू नका. आणि एक लक्षात घ्या: आठवडाभरात अँजिओग्राफी, शस्त्रक्रिया आणि अमिओडॅरोन असं तिन्ही झालं असेल, तर बिघडलेल्या रिपोर्टचं एकच कारण शोधण्यात अर्थ नाही.

१६. कृत्रिम व्हॉल्व्हसाठी वॉरफरिन चालू आहे. थायरॉइडची गोळी सुरू केल्यावर आयएनआर वाढला. योगायोग?

योगायोग नाही. थायरॉइड हार्मोन वाढलं की रक्त गोठवणारे घटक शरीरात लवकर मोडीत निघतात, त्यामुळे तेवढ्याच वॉरफरिनचा परिणाम जास्त होतो. थायरॉइड मंदावला की उलट, त्याच डोसचा परिणाम कमी. म्हणून लेव्होथायरॉक्सिन किंवा कार्बिमॅझोल सुरू करताना, डोस बदलताना आयएनआर नेहमीपेक्षा लवकर लवकर तपासावा लागतो, आणि तोही काही आठवडे, कारण हार्मोनांची पातळी सावकाश बदलते. अमिओडॅरोन तर थायरॉइडला हात न लावताही वॉरफरिनचा परिणाम वाढवतं. धातूच्या व्हॉल्व्हच्या रुग्णात आयएनआर घसरला तर गुठळी, चढला तर रक्तस्राव. थायरॉइडचं औषध बदलणाऱ्या डॉक्टरांना वॉरफरिनबद्दल आणि वॉरफरिन बघणाऱ्यांना थायरॉइडबद्दल तुम्ही स्वतः सांगा.

१७. आमच्या तान्ह्या बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. त्याच्या थायरॉइडची वेगळी काळजी घ्यावी लागते का?

हो, आणि मोठ्यांपेक्षा जास्त. बाळाचं शरीर लहान, हार्ट-लंग मशीनमधला द्रव त्या मानाने फार जास्त, त्यामुळे हार्मोनं अधिक पातळ होतात. टी३ही झपाट्याने घसरतं. त्यात आणखी एक मार्ग आहे, जो पालकांना माहीत नसतो: आयोडीन असलेलं जंतुनाशक. नवजात बाळाची कातडी पातळ असते, आणि सूज उतरेपर्यंत छाती काही दिवस उघडी ठेवावी लागली तर जखमेतूनही आयोडीन शोषलं जातं. मोठ्या माणसाची ग्रंथी जादा आयोडीन आलं की काम थोपवते आणि काही दिवसांत पुन्हा सुरू करते. नवजात बाळाची ग्रंथी अशी लवकर सावरत नाही आणि खरा हायपोथायरॉइडिझम होऊ शकतो. पहिल्या वर्षांत मेंदूची वाढ या हार्मोनावर अवलंबून असते, म्हणून 'होईल आपोआप ठीक' असं म्हणून सोडून देणं मला मान्य नाही. डिस्चार्जच्या आधी आणि काही आठवड्यांनी तपासणी मागा.

जन्मानंतरची टाचेच्या रक्ताची थायरॉइड चाचणी बाळ आयसीयूत असताना झाली असेल, तर ती पुन्हा करायला सांगा. डोपामिन चालू असताना टीएसएच दबलेलं असतं आणि जन्मजात आजार लपून जाऊ शकतो. बाळाला डाऊन सिंड्रोम असेल तर आणखी लक्ष हवं. अशा सुमारे निम्म्या मुलांना जन्मजात हृदयदोष असतो आणि थायरॉइडचे आजारही इतर मुलांपेक्षा पुष्कळ जास्त आढळतात.

टी३ देण्याबद्दल: २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, दोन वर्षांखालील मुलांवरच्या चाचणीत पाच महिन्यांखालील बाळांचा श्वासाचा पाईप टी३ दिल्यावर लवकर निघाला, त्याहून मोठ्या मुलांत मात्र उलट, तो निघायला जास्त वेळ लागला. यावरून वय किती महत्त्वाचं आहे ते कळतं, आणि सगळ्यांना एकच नियम का लावत नाहीत तेही.

१८. माझी थायरॉइड ग्रंथी पूर्वीच काढलेली आहे. मग माझ्यात काय घसरणार?

तुमचं टी३ गोळीतल्या टी४पासूनच बनतं आणि ते रूपांतर ग्रंथीबाहेर होतं. त्यामुळे प्रश्न १मधलं सगळं तुम्हालाही लागू आहे. पहिल्या दिवसांतलं कमी टी३ बघून गोळीचा डोस वाढवू नये. पण गोळीचा खंड तुम्हाला इतरांपेक्षा जास्त महागात पडतो, म्हणून प्रश्न १० नीट वाचा. कॅन्सरमुळे ग्रंथी काढली असेल आणि टीएसएच मुद्दाम कमी ठेवलं जात असेल, तर हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर ते तितकंच कमी ठेवायचं का, हे कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. ठोके अनियमित असतील तर ते लक्ष्य पुष्कळदा शिथिल करतात.

१९. तीन महिन्यांनी सगळं नॉर्मल आलं. आता आयुष्यभर तपासत राहायचं का?

आधी थायरॉइडचा आजार नव्हता, अमिओडॅरोन चालू नाही आणि लक्षणं नाहीत, तर शस्त्रक्रिया झाली एवढ्या कारणासाठी वारंवार तपासणी नको. अमिओडॅरोन चालू असेल किंवा नुकतंच थांबवलं असेल, तर प्रश्न १३मधलं वेळापत्रक. थायरॉइडची गोळी चालू असेल तर डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी आणि एकदा स्थिरावल्यावर वर्षातून एकदा.

आयसीयूमधल्या किंवा पहिल्या महिन्यातल्या रिपोर्टवरून गोळी सुरू झाली असेल, तर पुढच्या भेटीत तो मूळ रिपोर्ट तारखेसकट घेऊन जा आणि 'ही अजून लागते का' असं विचारा. काहींच्या बाबतीत डॉक्टर डोस कमी करत नेऊन, सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच बघून ती थांबवू शकतात. स्वतःहून बंद करू नका, विशेषतः टीएसएच त्या वेळी २०च्या वर होतं किंवा थायरॉइडविरोधी अँटिबॉडी सापडल्या होत्या, तर.